एकीपुरता तवा

“तवा कोणता घ्यायचा, हे आता फकिराला विचारायचं का?” द्वारकाबाई म्हणाल्या.

शहाबाबा चहाचं पातेलं स्टोव्हवरून उतरवत होते.

उदगीरच्या भांडेबाजारामागे, एका चिंचेखाली, बाबांचा तकिया होता, फकिराची राहायची जागा. एक खोली, पुढे ओटा, ओट्यावर पाण्याचा रांजण. भालचंद्र दर गुरुवारी कॉलेज सुटलं की इथे येऊन बसायचा. तो प्राध्यापक होता. आवाज कधी चढवायचा नाही, आणि आपण आवाज चढवत नाही याचा त्याला मनातून अभिमान होता.

आज पहिल्यांदाच तो आईला, द्वारकाबाईंना, घेऊन आला होता. हातात एक जड पिशवी होती.

“बाबा, तुम्हीच हिला समजवा,” तो म्हणाला. “दोन नॉनस्टिक पॅन आणून दिले. एकही पसंत नाही. हिला पॅन नकोय, भांडण हवंय.”

“दोन्ही हवंय,” द्वारकाबाई म्हणाल्या.

बाबांनी मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवीकडे बोट केलं.

भालचंद्रानं पहिला पॅन काढला. रुंद, काळाभोर, दांडा हातभर लांब.

“चांगल्यातला आहे. एका वेळी सगळ्यांचं होतं.”

“सगळ्यांचं रेवती करते,” द्वारकाबाई म्हणाल्या. रेवती त्यांची सून. “मला माझं करायचंय. हा मला एका हातानं उचलत नाही.”

“दोन्ही हातांनी उचल.”

“मग धिरडं उलटायचं कशानं?”

बाबांनी पॅन उचलून पाहिला. खाली ठेवला. दुसऱ्याकडे बोट केलं.

दुसरा लहान होता आणि पत्र्यासारखा हलका.

“हा घरी करून पाहिला, रेवती सुट्टी घेऊन घरी होती तेव्हा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “बूड पातळ. मधे करपतं, कडेला कच्चं राहतं. आणि दांड्याचा स्क्रू आत्ताच ढिला झालाय. भरल्या पॅनचा दांडा हातात फिरला तर?”

बाबांनी दांडा हलवला. तो फिरला.

“आक्का बरोबर सांगते,” बाबा म्हणाले.

भालचंद्र हसला, तसंच शांतपणे.

“बाबा, हिच्या हट्टापायी आणले, पण मुळात नॉनस्टिक कशाला? मी वाचलंय ना सगळं. मोठ्या आचेवर तो लेप जळतो, धूर विषारी असतो. घरात आजीच्या वेळचा लोखंडी तवा आहे. लोखंड रक्ताला चांगलं.”

“रक्ताला चांगलं असेल. मनगटाला नाही.” द्वारकाबाईंनी उजवा हात पुढे केला. मनगटाचं हाड सुजून वर आलं होतं. “डॉक्टरनं तेल तोडलंय. लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात धिरडं सुटत नाही. खरवडायला जोर लागतो, तो माझ्यात नाही. आणि मोठी आच कोण लावतंय? धिरडं मंद आचेवर होतं, झाकण ठेवून. रिकामा पॅन तापत ठेवायचा नाही, लाकडी उलथणं वापरायचं, ओरखडे पडले की टाकून द्यायचा. मला कळतं हे, भालू.”

“कळतं, पण लक्षात राहत नाही.”

द्वारकाबाईंनी हात पदराखाली घेतला.

वर एक कावळा ओरडला… कुणी वर पाहिलं नाही.

बाबांनी तीन कपांत चहा ओतला. “काय लक्षात राहिलं नाही?”

“मागच्या साली दूध ठेवलं आणि झोपली,” भालचंद्र म्हणाला. “आम्ही दोघं कामावर. पातेलं जळलं. धूर इतका, की शेजाऱ्यांनी दार तोडलं. मी कॉलेजातून धावत आलो, बाबा. जिन्यावर लोक उभे होते आणि मला आतलं काही दिसत नव्हतं… तेव्हापासून निघताना मी सिलिंडरचा रेग्युलेटर काढून नेतो. जेवण डब्यात असतं. हिला कशाची कमी नाही.”

“गार जेवण,” द्वारकाबाई म्हणाल्या. “वर्षभर दुपारी गार जेवते मी.”

“मी तुझ्यावर एकदाही आवाज चढवला नाही.”

“नाही चढवलास. दिवाळीत रेवती कुकर विसरली, शिट्टी उडून छताला लागली. तिचा रेग्युलेटर कुणी काढला नाही.”

भालचंद्रानं चहाचा कप उचलला. प्यायला नाही.

बाबा उठले. खोलीत गेले. ज्वारीच्या पिठाचा डबा, लसूण, मीठ आणि एक वाडगा घेऊन बाहेर आले. सगळं स्टोव्हजवळ मांडलं. मोठा पॅन एका बाजूला ठेवला, लहान दुसऱ्या बाजूला.

“आक्का, करून दाखव,” ते म्हणाले. “तुझा मुलगाही बघेल, मीही बघीन.”

भालचंद्राचा चेहरा उजळला. त्याला हेच हवं होतं.

द्वारकाबाईंनी पिठाकडे पाहिलं. मग बाबांकडे.

“नाही.”

“आई!”

“मी परीक्षा देणार नाही.” त्यांनी वाडगा बाजूला सारला. “मला बघायला आले होते तेव्हा भाकरी थापायला लावली होती. ओटीवर माणसं बसली होती आणि मी थापत होते. फुगली म्हणून लग्न झालं. त्यानंतर त्या घरात सगळ्यांचं केलं, बाबा. आता या वयात एक धिरडं नीट उलटलं तर मला गॅस मिळणार, आणि तुटलं तर नाही मिळणार? तुम्ही फकीर असाल. तरी नाही करणार.”

“आई, कुणाशी बोलतेस तू…”

बाबांनी हात वर केला. भालचंद्र थांबला.

बाबा खाली बसले. लसूण उचलली. मीठ उचललं. पिठाच्या डब्याला झाकण लावलं. सगळं एकेक करून आत नेऊन ठेवलं. वेळ लागला, गुडघे दुखत होते त्यांचे.

बाहेर येऊन त्यांनी द्वारकाबाईंपुढे हात जोडले.

“आक्का, माझं चुकलं.”

इतक्या वर्षांत भालचंद्रानं हे शब्द बाबांच्या तोंडून ऐकले नव्हते. तो ओट्यावरून उठून उभा राहिला. कशासाठी, ते त्यालाही कळलं नाही.

बाबांनी त्याच्यापुढे तळहात पसरला.

“काय, बाबा?”

तळहात तसाच राहिला.

भालचंद्रानं खांद्यावरची बॅग उघडली. पुस्तकांखालून रेग्युलेटर काढला आणि बाबांच्या हातावर ठेवला. बाबांनी तो द्वारकाबाईंसमोर धरला.

“घे.”

त्यांनी हात मागे घेतला.

“मी नाही घेणार. माझ्याच घरातली वस्तू इथे ओट्यावर बसून मागून घेऊ? ज्यानं काढला त्यानं बसवावा. होता तिथे.”

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. खोकला थांबेपर्यंत त्यांनी रेग्युलेटर भालचंद्राच्या हातात परत दिला होता.

द्वारकाबाईंनी पदर खोचला, चपला घातल्या.

“मी बाजारात जाऊन येते.”

“चल, मी येतो,” भालचंद्र म्हणाला.

“नको.”

“रस्त्यात गाड्या आहेत. तू एकटी कधी…”

“म्हणूनच नको.”

त्या निघाल्या. भालचंद्र पाठोपाठ एक पायरी उतरला. बाबांनी त्याच्या शर्टाची बाही पकडली. सोडली नाही.

तो बसला.

ऊन चिंचेवरून उतरलं. भांडेबाजारातून ठोकाठोकीचा आवाज येत राहिला. भालचंद्र दर थोड्या वेळानं गल्लीच्या तोंडाकडे बघायचा. एकदा एका ट्रकचा ब्रेक करकचून वाजला आणि तो अर्धा उठला. बाबांची बाहीवरची पकड आवळली.

“बाबा, मला भीती वाटते,” तो हळूच म्हणाला. “तुम्हाला नाही कळायचं. तो धूर…”

“कळतं.”

“मग?”

बाबांनी बाही सोडून त्याचा गार झालेला चहा त्याच्याकडे सरकवला.

द्वारकाबाई आल्या तेव्हा घामेघूम झाल्या होत्या. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ओट्यावर बसून त्यांनी आधी रांजणातलं पाणी घेतलं, सगळं प्यायल्या, मग कागद सोडला.

छोटासा पॅन होता. जाड बुडाचा. वर काचेचं झाकण.

“दुकानदार वरच्या फळीवरचा एकच दाखवत होता,” त्या म्हणाल्या. “मी सगळे खाली काढायला लावले. एकेक काउंटरच्या काचेवर ठेवून कडेला बोटानं दाबला. डुगडुगले ते बाजूला. मग दांडे पाहिले. स्क्रूचे नको म्हटलं, रिबीट मारलेला दे. मग उचलून हवेतच तिरका केला… असा.” त्यांनी एका हातानं तो उचलला आणि तिरका केला. दांडा हातात फिरला नाही. “दुकानदार म्हणाला, आजी, किती वेळ घेता. म्हटलं, तुला घाई असेल तर तू घरी जा.”

भालचंद्रानं पॅनमध्ये हात फिरवला.

“नख लावू नकोस.”

त्यानं हात काढला. “आई, घरात आपण तिघं. हा केवढासा.”

“एकीपुरता आहे.”

“मला कधी बोलावशील, आक्का?” बाबांनी विचारलं.

द्वारकाबाईंनी थोडा विचार केला.

“मनात आलं तर.”

त्यांनी पॅन कागदात गुंडाळला आणि भालचंद्राच्या स्कूटरकडे निघाल्या. चार पावलं जाऊन वळल्या. “भालू, घरी गेल्यावर आधी तो रेग्युलेटर बसव. मग पायातले बूट काढ.”

आधीचे दोन्ही पॅन पिशवीत भरून भालचंद्र उभा राहिला. पण तो गेला नाही. आई स्कूटरजवळ पाठ करून उभी होती, ऐकू जाईल इतकी जवळ नव्हती.

“बाबा, ती म्हातारी होत चाललीय. विसरणार ती. उद्या नाही तर परवा. मी वर्गात असणार, आणि घरात पुन्हा करपलं तर…?”

बाबा चहाचे कप विसळत होते. त्यांनी पाणी चिंचेच्या बुंध्याशी ओतलं. कप पालथे घातले.

“करपेल कधीतरी. वास आला की खिडकी उघडायची. रेग्युलेटर नाही काढायचा.”