हातभर तार

संगणकांना नुकती वाचा फुटली होती, त्या काळी एका वेधशाळेत दोन संगणक शेजारी बसत. थोरल्याच्या पोटात आकाशाची छायाचित्रे होती आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. आता ती जिच्यावर साठवली होती, ती तबकडी खरखरू लागली होती.

“धाकट्या, ही बंद पडण्याआधी सारे तुझ्याकडे घे,” तो म्हणाला.

भिंतीवरचा राऊटर दिवे मिचकावत गरजला, “इथे प्रत्येक संगणकाला नाव मी देतो आणि प्रत्येक शब्द माझ्यातूनच जातो. रांग मोठी आहे, थांबा!”

“हे माझ्या तबकडीला सांगा, राऊटरराव.”

कोपऱ्यातली हातभर तार हसली. “मला टोके दोन, तुम्हीही दोघेच. तिसरा हवा कशाला?”

दोघांनी एकेक टोक धरले. पण या नव्या वाटेवर नावाशिवाय निरोप जाईना, आणि कोणीतरी नाव देईल म्हणून दोघे सवयीने वाट पाहत राहिले.

तार चिडली. “अहो, स्वतःचे नाव सांगायलाही परवानगी लागते?”

तेव्हा धाकट्याने आपले नाव आपणच ठरवले, थोरल्यानेही ठरवले, आणि सारे आकाश वेगाने वाहू लागले. शेवटचा तारा पोहोचला आणि तबकडी थांबली.

“ही नावे मी दिलेली नाहीत!” राऊटर कडाडला.

“म्हणूनच,” धाकटा म्हणाला, “ती तुम्हांला काढून घेता येणार नाहीत.”