गोंदा कल्हईवाल्याची बिनतोड साक्ष

गोंदा कल्हईवाल्याकडे भांडं टाकायला आता कुणी धजत नव्हतं. राणीसाहेबांचं मोठं पातेलं त्याने कल्हईला म्हणून नेलं आणि मेहुण्याच्या लग्नात भात शिजवायला देऊन टाकलं. परत आलं ते पोचे पडलेलं.

राजाने फर्मावलं, "उद्या तुझ्या बाजूने असा साक्षीदार आण, ज्याचा शब्द कुणालाच खोडता येणार नाही. नाहीतर वाड्यासमोरची भट्टी उचल."

भट्टी गेली की घरातली चूल विझणार, हे गोंदाला न सांगता कळलं. बायको चंद्रा म्हणाली, नाव तुम्हीच घालवलंत, तुम्हीच सावरा. पण गोंदाचा गोंदावर विश्वास नव्हता. गावात तरी कुणाचा होता? तो व्यंकोबा वाखाण्यांकडे गेला. लोकांची बिघडलेली नावं सुधारून देणं हा व्यंकोबांचा धंदा. मोबदला म्हणून त्यांनी गोंदाची दुभती शेळी सोडून नेली.

दरबारात व्यंकोबा सुरू झाले. गोंदा म्हणजे शब्दाचा पक्का, सचोटीचा पुतळा! ऐकता ऐकता गोंदालाच वाटलं, या भल्या माणसाला एकदा भेटायला हवं.

राजाने मध्येच विचारलं, "व्यंकोबा, तुमच्या घरची भांडी कल्हईला कुठे जातात?"

"खालच्या आळीतल्या कल्हईवाल्याकडे, महाराज," व्यंकोबा चाचरले. दरबारात हशा पिकला.

"शब्द खोडला गेला. दुसरा कुणी आहे?"

दाराशी उभी असलेली चंद्रा डोळे वटारून बघत होती. गोंदा पुढे सरकला.

"आहे, महाराज. मीच. गोंदा आळशी आहे. उद्या देतो म्हणतो आणि महिना लावतो. लोकांच्या भांड्यांवर पाहुण्यांत मिरवतो. यातला एक शब्द कुणी खोडून दाखवावा."

सगळ्यांच्या माना डोलल्या. राणीसाहेबांची सगळ्यात जोरात.

"पण ही साक्ष तुझ्या विरुद्ध झाली," राजा म्हणाला.

"बाजूनेच आहे, महाराज. गोंदा गोंदाबद्दल खरं बोलतो, हे आत्ताच सगळ्या दरबाराने मान्य केलं. आता तोच सांगतो, हात कसबी आहे, फक्त भांडं त्याच्या घरी जाऊ देऊ नका. भट्टी मुदपाकखान्याच्या दारात लावा. भांडंही नजरेसमोर आणि गोंदाही!"

राजाला हसू आवरेना. डोळे पुसत त्याने मुदपाकखान्याची सगळी कल्हई गोंदाला देऊन टाकली, वर भट्टीसाठी नवा कोरा भाताही दिला.