आजीला नवरे किती?

“रविवारी प्रार्थना सुटेपर्यंत साक्षीदार आण, नाहीतर सोमवारी शेत सोड!” मोस्ये द व्हालब्रून गरजले.

कॅनडावर तेव्हा फ्रान्सच्या राजाचा अंमल होता आणि मोठ्या नदीकाठच्या त्या गावावर या जमीनदारसाहेबांचा. आपले पूर्वज राजाच्या मांडीला मांडी लावून बसायचे, हे ते कुत्र्यामांजरांनासुद्धा ऐकवत. तेरेझ जोलिकरचं नदीकाठचं कुरण त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. तेरेझला बाप नव्हता. म्हातारी आई आणि हे शेत, एवढाच तिचा संसार.

शेताचा कागद होता तिच्या आजोबांच्या नावाचा. आजोबा पिएर गाद्वा आणि नात मात्र जोलिकर! आता त्या मुलखात ही रीतच होती. फौजेत गेलं की हवालदार शिपायाला टोपणनाव चिकटवायचा. शिपाई ते घरी आणायचा आणि पोरंबाळं तेच आडनाव म्हणून मिरवायची. पिएर सदा हसतमुख, म्हणून जोलिकर, म्हणजे दिलखुश. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबांना!

“गाद्वा आणि जोलिकर एकच, हे सांगणारा साक्षीदार हवा,” साहेबांनी मिशीला पीळ दिला. “आणि जन्मात नाव न बदललेलाच हवा! दोन-दोन नावांच्या लोकांवर माझा विश्वास नाही!”

पिएरला ओळखणारे सगळे केव्हाच कबरस्तानात जाऊन झोपले होते. आई रडायला लागली. पण चर्चच्या मठातल्या जोगिणींनी तेरेझला वाचायला शिकवलं होतं. ती तडक चर्चमध्ये गेली आणि जन्म-लग्नाची जुनी वही तीन दिवस चाळत बसली.

रविवारी चर्चच्या दारात सगळं गाव गोळा झालं.

“कुठाय साक्षीदार?”

“हा काय सरकार, वहीत! माझी आजी, आन रनो. आपल्याकडे बाई लग्नानंतरही कागदावर माहेरचंच नाव लावते. नावं बदलली ती पुरुषांनी. पाद्रीबाबा, वाचा!”

पाद्रीबाबांनी वाचलं. थोरल्या काकाच्या बाप्तिस्म्याला आई आन रनो, बाप गाद्वा. दीड वर्षानं तेरेझच्या बापाच्या बाप्तिस्म्याला आई आन रनो, बाप जोलिकर.

साहेब खो-खो हसले. “मग एवढंच सिद्ध झालं की तुझ्या आजीला नवरे दोन होते! आणि तेही एकाच वेळी!”

साहेबांचे हुजरे फिदीफिदी हसले. तेरेझच्या अंगाचा असा तिळपापड झाला की वही उचलून त्यांच्या डोक्यात घालावी! पण तिनं राग गिळला.

“म्हणजे एकाच बाईच्या पोरांच्या बापाची नावं दोन दिसली, की नवरेही दोन. हाच ना सरकारांचा निवाडा?”

“हाच! घ्या लिहून!”

“लिहा हो पाद्रीबाबा. आणि शाई वाळायच्या आत बाराव्या पानावरही तेच लिहा.”

पाद्रीबाबांनी बारावं पान उघडलं. घाम पुसला. “आई शार्लोत ब्यूसी. थोरल्या मुलीचा बाप मातुरँ पिके, धंदा बटणं करण्याचा. धाकट्या मुलाचा बाप...” ते खोकले, “...मोस्ये द व्हालब्रून.”

“शार्लोतबाई म्हणजे सरकारांच्याच आजी ना?” तेरेझनं भोळा चेहरा केला. “आता सरकारांनीच सांगावं. आजीला नवरे दोन, की आजोबा बटणवाले?”

साहेबांचा चेहरा बिटासारखा लाल झाला. तेवढ्यात घोडागाडीतून कुणीतरी फस्सकन हसलं. साहेबांच्या बाईसाहेबच त्या! मग काय, सगळं गाव पोट धरून हसू लागलं. साहेबांनी पानाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तेही गडगडाटी हसत सुटले.

“एकच नवरा, पोरी, एकच! बटणवालाच होता म्हातारा! पण बटणं काय झकास करायचा!”

तिथल्या तिथे त्यांनी शेताच्या कागदावर ‘गाद्वा ऊर्फ जोलिकर’ असं लिहून सही ठोकली. मग कोटाची सहाच्या सहा चांदीची बटणं तटातटा तोडून तेरेझच्या ओंजळीत टाकली.

“घे बक्षीस! त्याच्याच हातची आहेत!”

आणि राजाच्या मांडीला मांडी लावणाऱ्यांचे वंशज दोन्ही हातांनी कोट आवळून धरत घरी गेले.