पहिला की शेवटचा?

चिंचवलीच्या शाळेत धावण्याची शर्यत झाली आणि संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब खर्डेकर यांचा नातू पहिला आला. बापूसाहेब खुलले. पण धावलेल्या प्रत्येक मुलासाठी आणलेली छोटी पदकं दिसताच कडाडले, "हरलेल्यांना कसलं पदक? जिंकला त्यालाच द्या, बाकीची परत पाठवा!"

मुलांचे चेहरे उतरले. बापूसाहेबांपुढे बोलायची एकाही शिक्षकाची छाती होईना. तेवढ्यात शर्यतीत सर्वांत मागे राहिलेली सगुणा भोईटे पुढे आली.

"साहेब, तुमचा नातू फार छान पळतो. त्याला पुन्हा एकदा पळू द्या की! आम्ही बसून बघतो."

"बघा, बघा! शिका काहीतरी," बापूसाहेब हसून म्हणाले.

बाकीची मुलं कडेला बसली. शिट्टी वाजली, नातू एकटाच जीव तोडून धावला आणि दोरीपाशी पोचला.

सगुणानं अदबीनं विचारलं, "साहेब, आता हा पहिला आला की शेवटचा?"

बापूसाहेब क्षणभर धापा टाकणाऱ्या नातवाकडे बघत राहिले. मग उठले आणि पदकांचा डबा त्यांनी स्वतः उचलला.

"पोरी, आधी तू ये," ते म्हणाले. "तुम्ही पळालात, म्हणून आमचा पहिला आला."