महाराजांचा गोल

एका संस्थानात विलायतेचा फुटबॉल संघ खेळायला आला. महाराज स्वतः मैदानात उतरले, आणि भर सामन्यात त्यांनी चक्क हातानं चेंडू जाळीत ढकलला. गोलकीपरखेरीज कुणी चेंडूला हात लावायचा नाही, हा कायदा तर जगभर एकच. पण मागल्या पंचानं महाराजांविरुद्ध शिट्टी फुंकली, तेव्हा त्याला बायकापोरांसकट हद्दपार व्हावं लागलं होतं. आज पंच होते दौलू वस्ताद.

"काय वस्ताद, गोल झाला ना?" महाराज गुरकावले.

"सरकार," वस्ताद म्हणाले, "आपला हात देणारा. त्या हातानं पाहुण्यांकडून गोल घेतला, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?"

महाराज आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी चेंडू उचलला आणि गोऱ्या कप्तानाला देऊन टाकला.