घरात दही असताना

एक वृद्ध पाळक एका लहानशा गावी, चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत राहत असे. त्याच्याकडे सुवार्तेचे काम शिकायला एक तरुण शिष्य आला. शिष्य बुद्धिमान होता, पाठांतर चोख होते आणि उत्साह तर असा, की समोरच्याने श्वास घ्यायला सवड मागावी. एकच गोष्ट त्याला खुपे. शेजारी बांगड्या भरणाऱ्या सुगंधाबाई कासारणीचे घर होते. पाळक दर दोन दिवसांनी रिकामी वाटी घेऊन तिच्याकडे विरजण मागायला जाई, आणि तेही घरात दह्याचे भांडे भरलेले असताना! 'म्हातारपण, दुसरे काय,' असे म्हणून शिष्याने तो विषय मनातल्या मनात मिटवला होता.

एके सकाळी पाळक बाहेरगावी गेला. सुगंधाबाईला प्रभूकडे वळवणे म्हाताऱ्याला इथल्या तेरा वर्षांत साधले नाही, ते आपण एका सकाळीत साधू, असे शिष्याने ठरवले. हातात सुवार्तेच्या छापील पत्रिका घेऊन त्याने सुगंधाबाईची कडी वाजवली आणि बोलायला सुरुवात केली. आधी पाप, मग पश्चात्ताप, मग क्षमा, असा त्याचा क्रम ठरलेला होता. बाई दाराला धरून उभी राहिली. थोड्या वेळाने आतून काहीतरी करपल्याचा वास आला. बाईने एकदा मागे वळून पाहिले. वास शिष्यालाही आला होता; पण क्षमेचा मुद्दा अजून व्हायचा होता! मुद्दा संपल्यावरच तो थांबला. बाईने पत्रिका घेतली, "बरं," म्हणाली आणि दार लावून घेतले.

संध्याकाळी पाळक परतला तेव्हा शिष्य तोंड पाडून बसला होता.

"पाळकसाहेब, पाऊण तास साक्ष दिली तिला. शेवटी दारच लावलं हो! उत्साहावर अगदी विरजण पडलं."

पाळकाने फडताळातून वाटी काढली आणि त्याच्या हातात दिली. "जा, सुगंधाबाईकडून विरजण घेऊन ये."

"पण घरात दही आहे!"

"आहे. तरी माग. आणि लवकर जा. दिवेलागणीनंतर ती दही उंबऱ्याबाहेर देत नाही."

शिष्य गेला. बगलेत पत्रिका नाहीत, नुसती वाटी, म्हणून त्याला अवघडल्यासारखे झाले. "मावशी, थोडं विरजण देता का?" एवढे शब्द बाहेर काढताना त्याची जीभ अडखळली. बाई आत गेली आणि तो उंबऱ्याशी थांबला. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग एका पुरुषाचा क्षीण आवाज आला, "घोटभर दूध आहे का गं?" बाई हलकेच म्हणाली, "सकाळचं करपलं. उद्या रतीब येऊ दे."

मोरीत तळ काळा झालेले पातेले पडले होते. शिष्याचे कान तापले. धरणीने पोटात घ्यावे, असे त्याला झाले. दोन महिने भिंतीला भिंत लावून राहत असून या घरात कोणी आजारी आहे हे त्याला ठाऊक नव्हते. पण खरी लाज त्या न कळण्याची नव्हती. वास त्याला आला होता, आणि तरी तो बोलत राहिला होता.

बाई दही घेऊन आली.

"मावशी, मला थांबवलं का नाही तुम्ही?"

"तुम्ही देवाचं बोलत होता, दादा. देवाचं बोलणाऱ्याला मध्येच कसं तोडायचं?"

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. तो तसाच घरी धावला, विरजायला कोमट करून ठेवलेले सगळे दूध उचलून आणले आणि तिच्या हाती दिले. मग बाई नको नको म्हणत असता त्याने ते पातेले घेतले आणि ओट्यावर बसून राखेने घासू लागला. आत नवऱ्याला दूध पाजून बाई दाराशी येऊन टेकली.

"काय हो दादा, सकाळी शेवटी तुम्ही क्षमेचं काहीतरी सांगत होता. दुधात जीव अडकला होता माझा, लक्ष लागलं नाही. काय होतं ते?"

शिष्याच्या वहीत क्षमेवर सात वचने होती. त्यांतले एकही त्याला उच्चारवेना.

"मावशी, सकाळी ते माझं नुसतं पाठ होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "आत्ता मलाच ती हवी आहे."

"मग उद्या या. सावकाश सांगा," बाई म्हणाली.

घरी येऊन त्याने काहीही न लपवता सगळे सांगितले. पाळक म्हणाला, "भरल्या हातानं येणाऱ्याला लोक दारातूनच वाटेला लावतात. रिकामी वाटी घेऊन जाणाऱ्याला उंबऱ्याशी थांबावं लागतं, आणि थांबलेल्याला आतला खोकला ऐकू येतो. प्रभूचं नाव मी तिच्यापासून कधी लपवलं नाही. तिनं विचारलं तेव्हा तेव्हा सांगितलं. आणि बाळा, उत्साहावर विरजण पडलं म्हणालास ना? बरंच झालं. त्यावाचून दुधाचं दही होत नाही. फक्त दूध कोमट लागतं, आणि सकाळी तू चांगलाच उकळत होतास."

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीच्या आत, शिष्याने न सांगता वाटी उचलली. घरात दही होते.