निळीच्या रांजणाची वाटणी

“बाबांच्या मागे हा रांजण कोणाचा?” लहानपणी बोधिसत्त्वाने चुलत्यांना हा प्रश्न विचारला होता. त्याचे उत्तर त्याला कोणी कधीच दिले नाही.

गोदावरीकाठच्या एका नगरात तेव्हा धनदत्त राजाचे राज्य होते आणि त्या जन्मी बोधिसत्त्व एका निळीच्या रंगाऱ्याच्या घरी जन्मला होता. रांजणातली नीळ जिवंत असते. तिला रोज ढवळावे लागते, गूळ आणि चुना द्यावा लागतो, थंडीत ऊब द्यावी लागते. बाप गेला आणि चुलते वाटणीवरून भांडत बसले. रांजणाकडे कोणी फिरकले नाही. निळीला घाण सुटली आणि भांडण मात्र पुढे कितीतरी वर्षे चालले.

मोठेपणी बोधिसत्त्वाने नवा रांजण उभा केला आणि धाकट्या भावाला, तिष्याला, हाताखाली घेऊन वाढवले. पुढे त्याला छातीचे दुखणे जडले. वैद्याने हात टेकले, तेव्हा दुधाला विरजण लावावे तसे जुन्या रांजणातले पाणी घेऊन त्याने लहान रांजण लावले. मग शेजारच्या रंगाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमक्ष सांगितले, की थोरला रांजण बायको भद्रेचा, लहानांतला एक विधवा बहीण रेवतीचा आणि एक तिष्याचा.

दादा मरणार हे मानल्याशिवाय तिष्याला तो रांजण घेता येत नव्हता. “जिवंतपणीच तुझं श्राद्ध जेवू का?” असे म्हणून त्याने रांजणाला लाथ घातली. निळे पाणी अंगणभर पसरले. बोधिसत्त्व एवढेच म्हणाला, “पाय कापला का, बघ.”

तिष्य तसाच निघाला तो एका चुलत्याकडे जाऊन राहिला. थंडीच्या दिवसांत दादा गेला, तेव्हाही तो जवळ नव्हता. चुलत्याने त्याचे कान भरले, की थोरला रांजण बाईच्या हाती शोभत नाही, जा, उचलून आण. तिष्य दोर खांद्यावर टाकून वहिनीच्या दारात उभा राहिला.

भद्रा चूल फुंकत होती. ती उठलीही नाही.

“भावजी, दोर कशाला? तुमचा रांजण गोठ्यामागं आहे.”

“माझा मी फोडला.”

“पहिला तुम्ही फोडणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तुमच्यासाठी दोन लावले होते.”

गोठ्यामागे दादाची घोंगडी पांघरलेला रांजण होता. तिष्याने काठी घालून ढवळले. वर तांबूस फेस आला. नीळ जिवंत होती. खांद्यावरचा दोर टाकून तो तिथेच खाली बसला. दोर त्याने परत उचलला नाही.

भिक्षूंना एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “तेव्हाचा तिष्य म्हणजे भाऊ गेल्यापासून भिक्षापात्राला हात न लावलेला हा तरुण भिक्षू. भद्रा आणि रेवती म्हणजे विहाराला चीवरे देणाऱ्या त्या दोघी उपासिका. रंगारी मीच होतो.” चुलता कोण होता, ते त्यांनी सांगितले नाही. मागे राहणाऱ्यांची काळजी हातपाय हलत आहेत तोवर वाहावी, यालाच ते करुणा म्हणाले.

आणि शेवटी सांगितले, की मरणाच्या दिवशी पहाटे तो रंगारी भिंत धरत धरत गोठ्यामागे गेला, धाकट्याच्या रांजणात त्याने गुळाचा खडा टाकला, आपल्या अंगावरची घोंगडी काढून त्यावर पांघरली, आणि कुडकुडत परत आला.